डॉसवरची उधारी फोनवर आणणारी सेवा: चोपड्याच्या दुकानातून

आधी निकाल सांगते, तपशील नंतर. ज्यांचं दुकान अजून डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळातल्या, प्रोग्रॅमवर चालतं, उधारी वीस-पंचवीस गावांत पसरलेली आहे आणि वसुलीला माणूस मोटारसायकलवर फिरतो, त्यांनी ही सेवा घ्यावी. ज्यांचं गिऱ्हाईक काउंटरवर येतं, रोख देतं आणि जातं, त्यांनी हे पैसे बँकेत ठेवावेत. माझ्याकडून पाचातले चार गुण. एक का कापला तेही सांगणार आहे.

सेवा देणारे दोघं जण आहेत, जळगावचे. एक प्रोग्रॅम लिहितो, दुसरा मशीन, वायरी आणि गिऱ्हाइकं सांभाळतो. नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच हात जोडले, ‘ताई, हातातलीच कामं उरकेनात, अजून कुणाला पाठवू नका.’ असं म्हणणारा सॉफ्टवेअरवाला मी पहिल्यांदाच पाहिला. ज्यांना खरंच गरज असेल त्यांनी दुकानावर यावं, चहा घ्यावा, नंबर न्यावा.

आमचं दुकान चोपड्यात. बी-बियाणं, खतं, फवारणीची औषधं आणि ठिबकचं सामान. हिशोब संगणकावर आणला तो सासऱ्यांनी, १९९६ साली. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणतं, मीही अप्पाच म्हणते. त्या वेळी जळगावच्या एका मुलानं फॉक्सप्रो २.६ या नोंदी ठेवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रॅम लिहून दिला, तोच आजही चालतोय. निळी स्क्रीन, पांढरी अक्षरं, माउसला काम नाही. एफ-टू दाबलं की नवं बिल, एफ-टेन दाबलं की प्रिंटर करकरायला लागला. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की काउंटरपुढे जी रेटारेटी होते, तिच्यात आमचा बिलं करणारा मुलगा मान वर न करता बिलं काढत असतो. आमच्या नात्यातल्या एका दुकानात नवं, रंगीबेरंगी सॉफ्टवेअर आहे. तिथे माउसनं चार खिडक्या उघडून बंद करेपर्यंत आमच्याकडची दोन माणसं चिठ्ठी घेऊन गोडाऊनला पोचलेली असतात. त्यामुळे ‘जुनं फेकून द्या’ म्हणत येणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही.

पण जुनं ते जुनंच. फॉक्सप्रो बनवणारी फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनी मायक्रोसॉफ्टनं १९९२ साली घेतली. पुढे व्हिज्युअल फॉक्सप्रो आलं, त्याची नववी आवृत्ती शेवटची ठरली. २००७ मध्ये ‘यापुढे नवी आवृत्ती नाही’ असं कंपनीनं जाहीर केलं आणि जानेवारी २०१५ मध्ये उरलासुरला आधारही, म्हणजे दुरुस्त्या पुरवणंही, थांबवला. आमचं तर त्याच्याही आधीचं, डॉसचं. ६४ बिटच्या विंडोजवर ते सुरूच होत नाही. ३२ बिटच्या पण वेगवान मशीनवर टाकलं तर उघडतानाच ‘डिव्हाइड बाय झिरो’ म्हणून बंद पडतं, कारण प्रोसेसर पुढे इतका पळेल हे तेव्हा लिहिणाऱ्यांनी धरलंच नव्हतं. त्याला वेगळा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, लावावा लागतो. आमचं सगळं एका ३२ बिटच्या विंडोज सेव्हनवर चालू आहे, आणि त्या विंडोजचा आधारही जानेवारी २०२० मध्ये संपला.

प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा पुण्याला गेला, मोठा साहेब झाला. जुलै २०१७ मध्ये जीएसटी लागला तेव्हा तो शेवटचा आला आणि व्हॅटच्या रकान्यांचे सीजीएसटी-एसजीएसटी करून गेला. बियाण्याला कर नाही, खताला ५ टक्के, औषधाला १८. हे दर त्यानं प्रोग्रॅमच्या पोटात न ठेवता वेगळ्या फाइलमध्ये ठेवले, याबद्दल त्याला दुवा देते. सप्टेंबर २०२५ मध्ये ठिबकचा दर १२ वरून ५ वर आला, तो मीच बसून बदलला. मूळ कोड मात्र ज्या फ्लॉपीवर होता ती आता वाचली जात नाही. आमच्याकडे आहे तो फक्त चालणारा प्रोग्रॅम आणि त्याच्या डीबीएफ, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या, फायली.

फोनची गरज पडली ती उधारीपायी. आमच्याकडचा शेतकरी कापूस विकला की देतो, केळीची कापणी झाली की देतो, नाहीतर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, देतो. मधल्या काळात आमचे वसुलीचे काका अडावद, धानोरा, लासूर, चहार्डी आणि वर सातपुड्याच्या पायथ्याला वैजापूरकडे फिरतात. निघताना ते डॉट मॅट्रिक्सवर छापलेली लांबलचक यादी घडी करून पिशवीत घालत. ती यादी चोपड्याच्या बाहेर पडेपर्यंतच शिळी होते. सकाळी कुणी बाजाराला म्हणून येतो, काउंटरवर दहा हजार भरतो, पावती घेऊन घरी जातो. संध्याकाळी काका त्याच्याच ओट्यावर उभे. तो म्हणतो, ‘मी ते सकायलेच भरी दिन्हात ना दुकानवर!’ काका यादी बघतात, यादीत सगळी रक्कम तशीच. चार माणसांसमोर मागितलेलं, तेही भरून झालेलं. असा माणूस पुढच्या हंगामात कुणाकडून बियाणं घेतो ते सांगायला नको.

यावर आधीही उपाय करून पाहिले. लॅपटॉपची स्क्रीन लांबून फोनवर दिसते, तसलं ॲप लावलं. दिसायला दिसलं. पण डॉसची स्क्रीन म्हणजे ८० अक्षरं रुंद आणि २५ ओळी उंच. ती तळहाताएवढ्या काचेवर आली की भिंग लागतं, आणि फोनच्या कीबोर्डवर एफ-टू कुठून आणायचं? वर, काकांनी लांबून खातं उघडलं की काउंटरवरच्या मुलाच्या हातातून बिल निसटायचं, कारण स्क्रीन एकच. मग एका मोठ्या कंपनीचा माणूस आला. त्यानं लाखाच्या वरचा आकडा सांगितला. सगळं नवं करू, जुना डेटा ‘शक्य तितका’ आणू म्हणाला. शक्य तितका म्हणजे किती, या प्रश्नावर त्यानं माझ्याकडे नाही, अप्पांकडे बघून उत्तर दिलं. तिथेच विषय संपला.

या दोघांचं पहिलं काम मला आवडलं ते असं, की त्यांनी मशीनला हातच लावला नाही. डेटाचं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करून मागितलं आणि निघून गेले. परत आले ते कागदावर सगळ्या फायली आणि रकाने मांडून.

डीबीएफ फाइल आतून फार साधी असते. सुरुवातीला रकान्यांची यादी, पुढे एकामागून एक नोंदी. आकडेही अक्षरांसारखेच लिहिलेले, तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी आठ अंकांत. म्हणून लिहिणारा हाताशी नसला, कोड नसला, तरी माहिती बाहेर काढता येते. याचीच दुसरी बाजू अशी की कुलूपही काही नाही. फोल्डर ज्याच्या हाती लागेल त्याला तुमची सगळी उधारी वाचता येते. आपल्याकडच्या किती दुकानांत असं फोल्डर कुणाच्याही पेनड्राइव्हला उघडं असतं, याचा विचार करा.

अडचण येते ती नावांची. रकान्याचं नाव दहा अक्षरांपलीकडे जात नाही, त्यामुळे लिहिणाऱ्यानं काय काय तोडून-जोडून ठेवलेलं असतं. ‘ओपीबीएएल’ म्हणजे वर्षारंभीची बाकी, हे कुणालाही कळतं. ‘एफएलजी२’ म्हणजे काय? काही खात्यांपुढे त्यात ‘व्ही’ अक्षर होतं, बाकीच्यांत रिकामं. बिलं करणाऱ्या मुलाला माहीत नाही, मला माहीत नाही. शेवटी अप्पांना दुपारच्या झोपेतून उठवलं. त्यांनी डोळे न उघडताच सांगितलं, ‘वाटण्या झालेली घरं. उधारी कोणत्या भावाच्या अंगावर ते ठरलं नसंल तर व्ही.’ अशा घरी जाऊन एका भावाकडे पैसे मागितले की भांडण आपल्या पावतीवरून सुरू होतं, म्हणून तीस वर्षांपूर्वी त्यांनी ती सोय करून घेतली होती. आता फोनवर अशी खाती पिवळ्या पट्टीत येतात आणि ‘दुकानात विचारा’ एवढंच दिसतं, रक्कम दिसत नाही. मोठ्या कंपनीच्या ‘शक्य तितक्या’मध्ये हे बसलं असतं का, माहीत नाही.

जोडणी कशी केली ते थोडं सांगते, कारण इथेच लोक फसतात. या जोडणीत जुन्या मशीनला इंटरनेट दिलेलंच नाही. त्याच्या शेजारी वहीएवढा एक छोटा पीसी ठेवलाय. दोघांमध्ये फक्त दुकानातली वायर. छोटा पीसी दर दहा मिनिटांनी डेटाच्या फायली कॉपी करून घेतो, त्या कॉपीतून वाचतो, जेवढं बदललं तेवढंच बाहेरच्या सर्व्हरवर ढकलतो. काकांचा फोन ते त्या सर्व्हरवरून उचलतो. म्हणजे बाहेरचं कुणी आमच्या दुकानात शिरत नाही, आमच्याकडून माहिती बाहेर जाते. याचा एक फायदा आधी माझ्या लक्षात आला नव्हता. आमच्या ब्रॉडबँडवाल्याकडे एकच बाहेरचा पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून दुकानातल्या मशीनपर्यंत थेट पोचताच येत नाही. आधी आलेला एक जण त्यासाठी वेगळा पत्ता भाड्यानं घ्या आणि राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडा असं सांगत होता. विंडोज सेव्हनचं, आधार संपलेलं मशीन असं उघडं टाकायचं? मे २०१७ मध्ये फायली अडकवून खंडणी मागणारं वॉनाक्राय जगभर पसरलं ते विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्याच भोकातून. या दोघांनी पोर्टचं नाव काढलं नाही, म्हणूनही मी हो म्हटलं.

फायली कॉपी करून का वाचतात, थेट का नाही? कारण फॉक्सप्रोला काही कामांसाठी फाइल एकट्यासाठी लागते. रात्री दुकान बंद करताना आम्ही इंडेक्स, म्हणजे नोंदी शोधायची सूची, नव्यानं बांधतो. त्या वेळी दुसऱ्या कुणी फाइल उघडून धरली असेल तर निळ्या स्क्रीनवर ‘फाइल इज इन यूज’ येतं आणि काम अडतं. सुरुवातीला असं झालंच. छोटा पीसी नेमका त्याच घटकेला कॉपी करत होता. मग रात्री नऊ ते दहा त्यानं गप्प बसायचं, असं ठरवून दिलं. तेव्हापासून तो त्रास नाही.

त्याहून मोठं लफडं झालं ते वेगळंच, आणि दुकानदारांनी ते नीट वाचावं. चाचणीच्या काळात काही खात्यांची बाकी फोनवर जास्त दिसायला लागली. सगळ्यांची नाही, काहींचीच. लासूरच्या एका खात्यावर तर काउंटरवर जेवढी, त्याच्या बरोबर दुप्पट. काकांना अर्थातच मजा आली, ‘वहिनी, फोनवालं दुकान जास्त कमावतंय!’ मला हसू आलं नाही. कारण निघालं असं: फॉक्सप्रोमध्ये नोंद काढून टाकली तरी ती फाइलमधून जात नाही. नोंदीच्या अगदी पहिल्या जागी एक चांदणी (*) बसते, बस. पुढे कधीतरी ‘पॅक’ केलं की ती खरी नाहीशी होते. जुना प्रोग्रॅम चांदणीवाल्या नोंदी गाळून दाखवतो, पण यांचा वाचणारा प्रोग्रॅम त्यांनाही जिवंत धरत होता. रद्द करून पुन्हा काढलेलं प्रत्येक बिल दोनदा मोजलं जात होतं. दोघांनी त्याच संध्याकाळी बसून दुरुस्त केलं, पण जळगावहून आणलेला तयार प्रोग्रॅम त्यांनी चांदणी न तपासता कसा चालवला, हे मला अजून पटलेलं नाही. डीबीएफ वाचणाऱ्याला पहिल्या दिवशी माहीत असायला हवी अशी ही गोष्ट आहे.

त्यावरून मी एक अट घातली. फोनवरच्या सगळ्या खात्यांची बेरीज आणि जुन्या प्रोग्रॅममधला ‘एकूण येणे’चा आकडा पैशापर्यंत जुळला पाहिजे, तोवर काकांच्या हाती फोन देणार नाही. जुळवताना मार्चअखेरची गोम सापडली. आमच्याकडे दर वर्षाचं फोल्डर वेगळं, आणि १ एप्रिलला बाकी पुढे ओढतात. पण मागच्या वर्षातलं एखादं बिल मेमध्ये दुरुस्त केलं तर नव्या वर्षातली सुरुवातीची बाकी आपोआप बदलत नाही. ती पुन्हा ओढावी लागते. हा दोष फोनचा नाही, आमच्या प्रोग्रॅमचा. फोनमुळे तो उजेडात आला इतकंच. काही जुन्या खात्यांत त्यामुळे शे-दोनशेचे फरक वर्षानुवर्षं पडून होते, ते अप्पांना दाखवून मिटवले.

आता फोनवर काय दिसतं ते. साधा ॲन्ड्रॉइड फोन पुरतो. गाव निवडलं की त्या गावची खाती, बाकी मोठ्या अक्षरांत, शेवटचं बिल कधीचं, शेवटचा भरणा कधीचा. खात्यावर बोट ठेवलं की बिलं उघडतात. युरियाच्या किती गोण्या, कोणतं औषध, सगळं. शेतकरी म्हणतो, ‘मन्हाकडे कितला रुपया शेतस ते आधी दखाड,’ आणि काका फोन त्याच्या हातात देतात. वाद निम्मे तिथेच मिटतात. ‘हे औषध मी नेलंच नाही’ म्हणणाऱ्याला तारीख दिसली की त्याचा त्यालाच धाकटा भाऊ आठवतो.

माहिती फोनमध्येच साठवलेली असते, हे सगळ्यांत महत्त्वाचं. धानोऱ्यापर्यंत रेंज असते, पण वैजापूरच्या पुढे पाड्यांवर गेलात की फोन नुसता वेळ दाखवतो. तिथेही खातं उघडतं, पावती करता येते. खाली येऊन रेंज मिळाली की पावत्या आपोआप दुकानाकडे येतात. स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात ‘शेवटची माहिती किती वाजताची’ हे लिहिलेलं असतं. ही एक ओळ मी भांडून टाकून घेतली. माहिती शिळी असेल तर शिळी आहे हे काकांना कळायला नको का?

पावत्यांचं असं केलंय. फोनवर पावती झाली की तिला फोनचा वेगळा क्रमांक मिळतो, दुकानाचा नाही. ती जुन्या प्रोग्रॅममध्ये थेट जात नाही. माझ्या टेबलावर ‘आलेल्या पावत्या’ अशी यादी येते. काका संध्याकाळी रोकड आणतात, मी नोटा मोजते, यूपीआयच्या रकमा बँकेच्या मेसेजशी लावून बघते, मग त्या पावत्या बिलाचा मुलगा निळ्या स्क्रीनवर हातानं घालतो. यादी त्याच क्रमानं छापली जाते ज्या क्रमानं जुनी स्क्रीन विचारते: खाते क्रमांक, रक्कम, रोख की बँक, शेरा. जास्त वेळ लागत नाही.

त्यांनी थेट लिहिण्याचाही दर दिला होता. मी नको म्हटलं. डीबीएफमध्ये नोंद टाकणं सोपं आहे, पण तिच्याबरोबर इंडेक्सही सुधारावा लागतो, नाहीतर नोंद फाइलमध्ये असून शोधताना सापडत नाही. त्यात आमच्या प्रोग्रॅमचा पावती क्रमांक वेगळ्या फाइलमधून उचलला जातो. फोननं एक क्रमांक घेतला आणि त्याच क्षणी काउंटरनंही तोच घेतला, तर दोन माणसांना एका क्रमांकाच्या पावत्या. ज्या प्रोग्रॅमचा कोड आपल्याकडे नाही, त्याच्या हिशोबात बाहेरून कुणाला लिहू देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वाचू द्यावं, हवं तितकं. आणि खरं सांगायचं तर रोकड मोजल्याशिवाय पावती पक्की होत नाही, ही गोष्ट मला मोडायचीच नव्हती. स्वयंपाक गॅसवर आला तरी भाजीत मीठ आपणच चाखून घालतो, तसं आहे हे.

नावांचा प्रश्न अर्धाच सुटलाय. १९९६ पासून नावं इंग्रजी कॅपिटलमध्ये घातलेली आहेत, रकाना २५ अक्षरांचा. आडनाव, नाव, वडिलांचं नाव लिहीपर्यंत गावाची दोन अक्षरं उरतात. फोनवर ती मराठीत दाखवायला त्यांनी आपोआप लिपी बदलणारं काहीतरी लावलं, तर सगळे माळी ‘माली’ झाले आणि कोळी ‘कोली’. काकांना ओळखायला अडचण नाही, पण फोन शेतकऱ्याच्या हातात देतो ना आपण, त्याला स्वतःचं नाव चुकलेलं दिसतं. आडनावांची एक तक्ती करून बरंचसं दुरुस्त झालं. पहिली नावं अजून मधूनमधून विचित्र येतात.

पैशांचं सांगते, कारण त्याशिवाय लोक पुढे वाचत नाहीत. बसवण्याचे १८ हजार, छोट्या पीसीचे साडेनऊ हजार, सर्व्हर आणि देखभालीचे वर्षाला ६ हजार, वर १८ टक्के जीएसटी. दोन फोनपर्यंत एवढंच. फोन आमचा आम्ही घेतला. महाग आहे का? उधारीच्या आकड्याशी लावून बघा. शिळ्या यादीपायी तुटलेलं एक चांगलं गिऱ्हाईक आमच्या धंद्यात हंगामाला याहून जास्त नेतं.

फोन हरवला तर काय, हे मी आधी विचारलं होतं. चार आकडी पिन आहे, आणि दुकानातून तो फोन बंद केला की पुढच्या वेळी नेटवर येताच त्यातली माहिती पुसली जाते. नेटवर आलाच नाही तर? तर पिनवरच भरवसा. म्हणून काकांच्या फोनवर फक्त त्यांच्या गावांची खाती ठेवलीत, सगळी नाहीत. आधार क्रमांक सर्व्हरवर जाऊ द्यायचा नाही असंही सांगितलं. खताची विक्री नोंदवणाऱ्या पॉस मशीनवर शेतकरी अंगठा देतोच, तिथलं तिथे राहू द्या. वसुलीला त्याची गरज नाही, आणि २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यानंतर लोकांची माहिती विनाकारण जवळ बाळगणं म्हणजे उगाच जबाबदारी ओढवून घेणं.

आता कापलेल्या गुणाचं. दोघंच आहेत, ही ताकदही आणि अडचणही. फोन केला की प्रोग्रॅम लिहिणाराच उचलतो, मधे कुणी ‘तुमची तक्रार नोंदवली’ म्हणणारा नाही. पण ऐन कापसाच्या वेचणीत ॲपची नवी आवृत्ती त्यांनी न सांगता पाठवली आणि काकांच्या जुन्या फोनवर ती उघडेना. त्या दिवशी दोघंही कुठल्यातरी लग्नात. काका पुन्हा कागदी यादी घेऊन निघाले. दुसऱ्या दिवशी ठीक झालं, पैसे मागितले नाहीत, माफीही मागितली. तरी हंगामात आवृत्ती बदलायची नसते, हे त्यांना दुकानदारानं सांगायला लागू नये.

दुसरं, लिहून काही देत नाहीत. कोणती फाइल कुठून कुठे जाते, पासवर्ड कोणते, छोटा पीसी बिघडला तर नवा कसा उभा करायचा, हे सगळं त्यांच्या डोक्यात. एकदा आमचा प्रोग्रॅमवाला पुण्याला गेल्याचं आम्ही भोगलेलं आहे. म्हणून दुसऱ्या वर्षाचे पैसे देण्याआधी मी दोन गोष्टी मागितल्या: वाचणाऱ्या प्रोग्रॅमचा कोड पेनड्राइव्हवर आणि मांडणी कागदावर, मराठीत. कोड लगेच मिळाला. कागद बऱ्याच तगाद्यानंतर आला, तोही अर्धा इंग्रजीत. तुम्ही घेणार असाल तर हे दोन्ही सुरुवातीच्या करारातच घाला.

अप्पांचं मत विचाराल तर ते फोन हातात घेत नाहीत. पण रोज रात्री काकांना विचारतात, ‘आज कोणत्या गावाला रेंज नव्हती?’ आणि ती गावं वेगळ्या कागदावर लिहून ठेवतात. पुढच्या वेळी त्या गावांना जाताना फोन दुकानातून ताजा करून निघायचं, ही शिस्त त्यांचीच.

साठ्याचं काम अजून दिलेलं नाही. गोडाऊनमध्ये उभं राहून कोणतं औषध किती शिल्लक ते फोनवर दिसावं, असं मला फार वाटतं. पण आमच्या जुन्या साठ्याच्या फाइलमध्ये बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख हे रकानेच नाहीत. ते आम्ही रजिस्टरला हातानं लिहितो, आणि औषधाच्या साठ्यात मुदत दिसत नसेल तर नुसता आकडा बघून काय करायचं? ते दोघं म्हणतात, फाइलमध्ये दोन रकाने वाढवू. मी म्हटलं, वाढवल्यावर निळी स्क्रीन उघडते का आणि बिल निघतं का, ते आधी वेगळ्या मशीनवर, कॉपीवर दाखवा. कापसाची गडबड ओसरली की, फेब्रुवारीत, ते येणार आहेत.